छबूरावाची आठ नखं

कॉलनीतल्या रस्त्याची बैठक तात्याराव ओव्हाळांच्या हॉलमध्ये भरली होती आणि तात्याराव उभे राहून बोलत होते. बसून बोलणं त्यांना जमत नसे. मोजणी खात्यात बत्तीस वर्षं भूकरमापक म्हणून काढल्यावर माणसाला कुठलाही प्रश्न उभ्यानंच दिसतो. समोर सहा माणसं, टीपॉयवर कॉलनीचा नकाशा, नकाशाच्या चार कोपऱ्यांवर चार कप, आणि तात्यारावांच्या डाव्या खांद्यावर छबूराव.

छबूराव म्हणजे कॉकाटील जातीचा पक्षी. अंगानं करडा, डोक्यावर पिवळा तुरा, आणि दोन्ही गालांवर केशरी टिक्के, कुणीतरी दोन्ही हातांनी एकदम मुस्कटात दिल्यासारखे. मूळ नाव कोको. पण सकाळी सकाळी खिडकीपाशी उभं राहून ‘कोको, कोको’ करणं तात्यारावांना शोभेना, म्हणून त्यांनी त्याचा छबूराव केला. कॉलनीनं ते नाव उचललं.

‘मूळ नकाशात हा रस्ता नऊ मीटरचा आहे,’ असं म्हणून तात्याराव नकाशाकडं वाकले. त्याच क्षणी छबूरावाला टीपॉयवरची चिवड्याची बशी दिसली. त्यानं झेप घेतली आणि ती वीतभर अंतरात संपली, कारण त्याची नखं तात्यारावांच्या हाफ स्वेटरमध्ये अडकली होती. फेब्रुवारी सरत आला तरी तात्याराव सकाळचा स्वेटर सोडत नसत. छबूराव त्यांच्या छातीवर उलटा लटकला आणि पंख फडफडवत किंचाळू लागला. तात्यारावांनी त्याला सोडवायला हात घातला, तर त्यानं त्यांचं बोट चोचीत असं धरलं, जणू सापडलेला एकमेव आधार तोच आहे. ज्या माणसानं बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभ्या असलेल्या भावकीसमोर शांतपणे टेप धरली होती, तो माणूस सहा जणांच्या देखत हॉलमध्ये गोल गोल फिरला. शेवटी सुमनबाईंनी कात्री आणली आणि नवऱ्याच्या स्वेटरची लोकर कापून पाखरू मोकळं केलं.

रस्त्याचा विषय तिथंच राहिला. उरलेला वेळ सगळे नखांवर बोलले.

संध्याकाळी पुण्याहून श्रावस्तीचा व्हिडिओ कॉल आला. श्रावस्ती त्यांची एकुलती एक लेक, बँकेत नोकरीला. छबूराव मूळचा तिचा. दीड वर्षापूर्वी रूमवर पक्षी ठेवू देत नाहीत म्हणून ‘दोनच महिने सांभाळा’ असं सांगून ती त्याला पिंजऱ्यासकट सोडून गेली होती. सकाळची हकीकत आईकडून ऐकल्यावर तिनं छबूरावाचे पाय कॅमेऱ्यासमोर धरायला लावले. नखं विळ्यासारखी वळलेली होती. तिनं बापाला नीट समजावून सांगितलं, की इतकी नखं वाढली की पाखराला दांडीवर धड बसता येत नाही, कुठंतरी अडकून एक दिवस पायच मोडायचा.

“डॉक्टरला दाखवा पप्पा. न्हायतर शनिवारी मी येणारच हाय, मीच घेऊन जाते त्याला. नव्या फ्लॅटवर चालतंय.”

“ने की,” तात्याराव म्हणाले. “दीड वर्षं झालं म्हणतोय, ने.”

हे ते खरंच दीड वर्षं म्हणत होते. बायकोशी बोलताना ते छबूरावाचा उल्लेख ‘तुमचं पाखरू’ असा करत. सकाळी सात वाजता पिंजऱ्यावरचा पडदा तेच काढत, चहा पिताना त्याला खांद्यावर तेच घेत, पेपर वाचताना त्यानं पेपरचा कोपरा कुरतडला तर वाचून झालेलं पान मुद्दाम वरच्या बाजूला तेच धरत, ही गोष्ट वेगळी. सुमनबाई गेल्या दिवाळीत चार दिवस माकणीला माहेरी गेल्या, तेव्हा त्यांना रोज तीन फोन यायचे. तिन्ही फोन छबूरावानं काय खाल्लं आणि काय खाल्लं नाही याचे असत.

फोन ठेवल्यावर सुमनबाई पिंजऱ्यापाशी जाऊन उगाच पाण्याची वाटी बदलून आल्या. तात्यारावांनी चष्मा पुसला आणि जाहीर केलं की डॉक्टर वगैरे काही लागत नाही. जमिनीचा एक इंच इकडचा तिकडं होऊ न देणाऱ्या माणसाला पाखराची आठ नखं कापता येणार नाहीत, असं जर पोरीला वाटत असेल, तर शनिवारी तिनं येऊन बघावं.

सोमवारी सकाळी ही घोषणा शेजारच्या विरुपाक्षप्पांपर्यंत पोचली. विरुपाक्षप्पा एसटीतून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक. आयुष्यभर माइकवरून गाड्या कुठं लागल्या ते सांगत आल्यामुळं निवृत्तीनंतरही लोकांना वाटेला लावणं हे त्यांना आपलं काम वाटे. त्यांनी नखांचं नंतर बघू म्हणून आधी मुळावरच घाव घातला. त्यांचं म्हणणं, पोपट पाळायला कायद्यानं बंदी आहे. घरात आहे तोवर कुणी विचारत नाही, पण नखं कापायला म्हणून हातात धरलं आणि ते ओरडलं, की झाला पुरावा.

हा पोपट नाही, असं तात्यारावांनी सांगून पाहिलं. विरुपाक्षप्पांनी चोचीकडं बोट दाखवलं. चोच बाकदार होती, त्याला तात्यारावांचा इलाज नव्हता.

आता सरकारी नोकरीत बत्तीस वर्षं एकही मेमो न घेतलेल्या माणसाच्या डोक्यात अशी शंका एकदा शिरली की ती बाहेर काढायला कार्यालयच लागतं. तात्याराव इस्त्रीचा शर्ट घालून, छबूरावाचे तीन बाजूंनी काढलेले फोटो मोबाइलमध्ये घेऊन, अकराच्या ठोक्याला वनखात्याच्या ऑफिसात हजर झाले. तिथल्या बाईंनी फोटो पाहिले. हे बाहेरच्या देशातलं पाखरू, आपल्याकडचे पोपट पाळायला बंदी आहे, हे त्यात येत नाही, असं त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. तात्यारावांनी खात्री करून घ्यायला फोटो पुन्हा दाखवले. बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, आणि मग सहज विचारलं की पाखराचा गाल असा लाल कशानं झालाय, कुणी मारलं का. तात्यारावांना घाम फुटला. तो जन्मापासून तसाच आहे हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं की बाईंना खरोखरच संशय यायला लागला.

गुन्हा नाही हे कळल्यावर विरुपाक्षप्पा थोडे खट्टू झाले, पण लगेच सावरून नखांकडं वळले. त्यांच्या मते नखं कापायला अडकित्त्यासारखं हत्यार नाही. समोरच्या गिरिजाबाईंनी कोमट खोबरेल तेलात पाय बुडवायला सांगितले, म्हणजे नख मऊ पडतं. फक्त मंगळवारी आणि शनिवारी कापू नका, एवढं बजावलं. तात्यारावांनी वार बघून नखं कापणं आपल्या विचारात बसत नाही असं स्पष्ट सांगितलं आणि हट्टानं मंगळवारच धरला. बुधवारी तरी काय बिघडतंय, असं सुमनबाई हळूच म्हणाल्या. पण तो आता तत्त्वाचा प्रश्न झाला होता.

त्याआधी त्यांनी विरुपाक्षप्पांचाच आणखी एक सल्ला मानून पाहिला. सुताराकडचा पॉलिश पेपर आणून पिंजऱ्यातल्या दांडीला गुंडाळला, म्हणजे बसल्या बसल्या नखं आपोआप घासली जातील. छबूरावानं दांडीवर एक पाय ठेवला, उचलला, दुसरा ठेवला, तोही उचलला, आणि जाऊन दाण्यांच्या वाटीत बसला. संध्याकाळपर्यंत तो वाटीतून उठला नाही. त्याला खायचं असलं की तो स्वतःच्या पोटाखालचे दाणे उचलायचा. शेवटी पेपर तात्यारावांनीच काढला.

मंगळवारी दुपारी दोन वाजता काम सुरू झालं. तयारीला नाव ठेवायला जागा नव्हती. खिडक्या बंद. पंखा कुणी चुकून लावू नये म्हणून मेन स्विचच बंद. टेबलावर नॅपकिन, नवा नेलकटर, नोकरीच्या काळातलं भिंग, आणि रक्त आलंच तर दाबून लावायला वाटीत कॉर्नफ्लोअर. हे शेवटचं श्रावस्तीनं मेसेजवर कळवलं होतं आणि सुमनबाईंनी गुपचूप आणून ठेवलं होतं. तात्यारावांनी कपाळाला टॉर्च बांधली. पंखा नाही, खिडक्या बंद, बाहेर धाराशिवचं ऊन; टॉर्चचा पट्टा घामानं सारखा डोळ्यांवर घसरत होता.

तात्यारावांनी नॅपकिन टाकून छबूरावाला अलगद धरलं, गुंडाळलं, आणि छातीशी घेऊन टेबलापाशी आले. सुमनबाईंनी नेलकटर हातात दिला. तात्यारावांनी नॅपकिनची एक घडी उलगडली. पाय दिसेना. दुसरी उलगडली. मग तिसरी. नॅपकिन संपला तरी छबूराव निघाला नाही. तेव्हा सुमनबाईंनी फक्त नवऱ्याच्या डोक्याकडं बघितलं. छबूराव टॉर्चच्या पट्ट्यावर बसला होता आणि या सगळ्या प्रकाराकडं तोही वाकून बघत होता.

तिथून पुढं अर्धा तास पाठलाग चालला. कपाटावरून पडद्याच्या दांडीवर, तिथून घड्याळावर, तिथून फ्रीजवर. तात्याराव स्टुलावर चढायचे तेव्हा तो खाली यायचा, उतरायचे तेव्हा वर जायचा. पण खोली बंद होती, आज ना उद्या थकेल, असा हिशेब होता; आणि तो बरोबरही ठरला असता. पण अडकित्ता घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं विरुपाक्षप्पा आले. “जमतंय का बघावं म्हणलं,” असं म्हणून ते उंबऱ्यावर थांबले आणि त्यांच्या कानावरून छबूराव बाहेर गेला.

सुमनबाई धावल्या. त्यांना असं धावताना कॉलनीनं कधी बघितलं नव्हतं.

सुदैवानं छबूराव लांब गेला नाही. दीड वर्षात पिंजरा ते हॉल एवढाच प्रवास केलेलं पाखरू ते; पाच-पन्नास फुटांत त्याची दमछाक झाली आणि ते विरुपाक्षप्पांच्याच गच्चीवर उतरलं. तिथं त्यांच्या पत्नी सिद्धम्मांनी बाजेवर जुनं सुती लुगडं अंथरून कुरडया वाळत घातल्या होत्या. छबूराव लुगड्याच्या मध्यभागी बसला आणि त्यानं पहिली कुरडई घेतली.

तात्याराव आपल्या गच्चीवर चढले. मधे कठडा आणि चार हातांचं अंतर. वर एक घार सावकाश फिरत होती. त्यांनी छबूराव म्हणून हाक मारली, कोको म्हणूनही मारली. छबूरावानं दुसरी कुरडई घेतली.

“कुकर करा,” मागोमाग वर आलेल्या सुमनबाई म्हणाल्या.

याचा अर्थ त्या दोघांनाच माहीत होता. छबूराव रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल करायचा, आणि तात्याराव, आजूबाजूला कुणी नसलं की, त्याला तसंच उत्तर द्यायचे. हा दोघांचा खासगी मामला होता. आता मात्र खाली गल्लीत गिरिजाबाई उभ्या होत्या, रस्त्याच्या बैठकीतले तिघे उभे होते, भाजीची गाडी थांबली होती. तात्यारावांनी एकदा घारीकडं पाहिलं. मग कपाळावर टॉर्च तशीच ठेवून, कठड्याला दोन्ही हात टेकून, त्यांनी गाल फुगवले आणि कुकरची शिट्टी दिली.

छबूरावानं मान वर केली. त्यानंही शिट्टी दिली.

तात्यारावांनी दुसरी दिली. तिकडून दुसरी आली. गल्लीत माणसं वाढली. विरुपाक्षप्पा खालून म्हणाले की तीन शिट्ट्या झाल्या की थांबा, डाळ लागंल. कुणीतरी हसलं. एरवी हे वाक्य तात्यारावांनी जन्मभर लक्षात ठेवलं असतं. आज त्यांना ते ऐकूसुद्धा आलं नाही. त्यांनी तिसरी शिट्टी दिली आणि छबूरावानं पंख पसरले.

तो उडाला, पण त्याच्याबरोबर लुगडंही उठलं. नखं विणीत अडकली होती. कुरडया उधळल्या, छबूराव लुगड्यासकट हातभर वर गेला आणि धपकन खाली आला. परत उडाला, परत आला. जीव तोडून किंचाळायला लागला.

“अय्य, हलू नका कुणी,” असं म्हणत सिद्धम्मा जिन्यातून वर आल्या. त्यांनी घाई केली नाही. पायाखाली येणाऱ्या कुरडया एकेक बाजूला करत त्या बाजेपर्यंत गेल्या आणि पदर उलगडून त्यांनी पाखरावर अलगद पांघरला. अंधार झाल्यासारखा छबूराव गप्प झाला. मग त्यांनी कात्री मागवून नखांभोवतीचं लुगडं वीतभर कापलं आणि पाखरू, तुकडा असं सगळं, तोवर इकडचा जिना चढून आलेल्या सुमनबाईंच्या ओंजळीत दिलं. नखं वाढली नसती तर तो त्या घारीच्या दिशेनं कुठंही गेला असता, हे नंतर सगळ्यांच्या ध्यानात आलं; पण त्या वेळी सुमनबाईंना दिसलं ते एवढंच, की ओंजळीत रक्त आहे. ओढाताणीत डाव्या पायाचं एक नख मोडलं होतं.

घरी येऊन सुमनबाईंनी मोडल्या नखावर कॉर्नफ्लोअर दाबून धरलं. तात्यारावांना हात पुढं करायचं धाडस झालं नाही. ते समोर खुर्चीवर बसले आणि घड्याळ बघत राहिले. चार मिनिटांनी रक्त थांबलं.

“उद्या दवाखान्यात नेऊ,” ते म्हणाले. सुमनबाईंनी मान हलवली. तात्यारावांना माघार घ्यायला लावणं बत्तीस वर्षांत कुठल्या वरिष्ठाला जमलं नव्हतं, ते नव्वद ग्रॅम वजनाच्या पाखरानं केलं होतं, पण ही वेळ ते बोलून दाखवायची नव्हती.

बुधवारी सकाळी जनावरांच्या दवाखान्यात त्यांचा नंबर एका म्हशीच्या मागं आणि तीन शेळ्यांच्या पुढं लागला. म्हशीला पुठ्ठ्याच्या खोक्यातलं फडफडणं पसंत पडलं नाही, म्हणून त्यांनी शेळ्यांना पुढं जाऊ दिलं. केसपेपरवर जनावराचा प्रकार, वेत कितवं, दूध किती, कानातल्या बिल्ल्याचा क्रमांक असे रकाने होते. लिहून घेणारा माणूस ‘पक्षी’ एवढंच लिहून कागद सरकवायला निघाला होता, पण रिकामा रकाना तात्यारावांना बघवेना. त्यांनी पेन मागून घेतलं आणि सात ठिकाणी ‘लागू नाही’ असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. शेळीवाला शेजारी येऊन खोक्यात डोकावला आणि हे काय खातं, अंडी देतं का, गातं का, असं विचारून गेला. तिन्ही उत्तरं ऐकून त्याला तात्यारावांबद्दल हळहळ वाटलेली दिसली.

डॉक्टर समृद्धी वयानं श्रावस्तीएवढ्याच. गाव बेंबळी, घर मेंढरांचं. जनावर धरायचं कसं हे कॉलेजच्या आधी घरीच शिकलेल्या. त्यांनी छबूरावाला नॅपकिनमधून असं काही उचललं की तो ओरडायचंच विसरला. दोन बोटांत मान, तळहातावर पाठ, आणि छाती मोकळी.

“छाती दाबायची न्हाय, काका. पाखरू छाती हलवून श्वास घेतं. दाबली की संपलं.”

तात्यारावांना मंगळवारचं आठवलं. त्यांनी त्याला छातीशी किती घट्ट धरलं होतं ते आठवलं, आणि नॅपकिनमधून निसटून गेला हे किती बरं झालं असं त्यांना पहिल्यांदाच वाटलं.

डॉक्टरांनी पाय उजेडासमोर धरला. फिकट नखाच्या आत एक बारीक लालसर रेघ होती. ती रक्ताची. तिच्या बरंच पुढं, नुसतं टोक कापायचं. आणि जिथं रेघ दिसत नाही, शंका येते, तिथं आणखी थोडं सोडायचं. हे तात्यारावांना लगेच पटलं. शंकेची जागा सोडून खूण करावी, ही त्यांचीसुद्धा आयुष्यभराची पद्धत होती. डॉक्टरांनी मोडलेलं नख कानशीनं सारखं केलं, एक नख कापून दाखवलं आणि नेलकटर त्यांच्या हातात दिला. तात्यारावांनी नेलकटर नखापाशी नेला. त्याची दोन्ही पाती एकमेकांवर टकटक वाजत होती.

डॉक्टरांनी तो हळूच काढून घेतला. “काका, हात हलतोय. काकूंना द्या.”

ज्या हातानं अर्ध्या तालुक्याच्या हद्दी आखल्या, त्या हाताबद्दल एका पोरीनं हे बोलावं, आणि ते खरं असावं. तात्याराव दोन पावलं मागं सरले. तेवढ्यात डॉक्टरांना फोन आला, गावाकडं एक गाय अडली होती. निघता निघता त्यांनी सांगितलं की उरलेली सहा नखं घरी सवडीनं कापा, एकानं धरा, एकानं कापा, आणि पाखरू घाबरलेलं असेल तर त्या दिवशी राहू द्या.

पाखरू घाबरलेलं नव्हतं. ते रागावलेलं होतं, आणि फक्त तात्यारावांवर. सुमनबाईंच्या हातावर ते आलं. विरुपाक्षप्पा माफी मागायला आले, त्यांच्या मनगटावरही क्षणभर बसलं. पण तात्याराव पिंजऱ्याजवळ गेले की पलीकडच्या कोपऱ्यात जाऊन, तुरा पाडून, फुस्स करायचं. संध्याकाळी तात्यारावांनी कुकरची शिट्टी दिली. उत्तर आलं नाही.

“बरं झालं,” ते सुमनबाईंना म्हणाले. “कपड्यांवर घाण तरी होणार न्हाय.” आणि जेवणात दोनदा मीठ मागितलं, जे आधीच घातलेलं होतं.

गुरुवारी सकाळी सुमनबाई उठल्या तेव्हा हॉलमध्ये तात्याराव जमिनीवर बसलेले दिसले. गुडघ्यांमुळं तीन वर्षांत ते जमिनीवर बसले नव्हते. पिंजऱ्याचं दार उघडं, शेजारी बशीत राळ्याचं कणीस, पिंजऱ्याकडं पाठ, आणि ते मोठ्यानं पेपर वाचत होते. बातम्या नव्हे; बातम्यांत आवाज चढतो. ते जाहीर नोटिसा वाचत होते. सदर मिळकतीच्या पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक, कुणाचा हक्क, बोजा, हितसंबंध असल्यास... एकसुरी, संथ, सगळ्या दिशा नीट उच्चारत. तिसऱ्या नोटिशीच्या उत्तरेस पोचले तेव्हा पेपरचा कोपरा जरासा हलला. त्यांनी वाचणं थांबवलं नाही. कोपरा फाटला. मग खांद्यावर काहीतरी हलकं येऊन बसलं आणि स्वेटरची लोकर ओढू लागलं.

नोटिसा संपल्या तरी तात्याराव उठले नाहीत. पाय बधिर झाला, चहा निवला. सुमनबाईंनी मागून विचारलं तर त्यांनी मान न हलवता नुसता हात वर केला.

दुपारी नखं कापली. तात्यारावांनी धरलं, छाती मोकळी सोडून. सुमनबाईंनी कापली. मोजणीला जाताना साखळीचं टोक धरायला एक माणूस बरोबर असायचा, त्यानं बोलायचं नसतं, सांगितलं तिथं धरून उभं राहायचं असतं. तात्यारावांना त्या माणसाच्या कामाची किंमत एकसष्टाव्या वर्षी कळली. सुमनबाई चष्म्यावरून बघायच्या, रेघ शोधायच्या, आणि कट. मधे छबूरावाला राळे. तीन नखं झाल्यावर तो कुरकुरायला लागला तर त्यांनी लगेच सोडलं. शुक्रवारी उरलेली तीन. शेवटचं मागच्या बोटाचं होतं, त्यातली रेघ दिसेना. सुमनबाईंनी पुरेसं सोडून नुसता वाकडा शेंडा उडवला. छबूराव दांडीवर बसला, पाय हलवून बघितले आणि कुकरची शिट्टी दिली. तात्यारावांनी सुमनबाईंच्या देखत उत्तर दिलं.

शनिवारी दुपारच्या गाडीनं श्रावस्ती आली. आल्या आल्या तिनं छबूरावाला बोटावर घेऊन नखं तपासली, एकेक, उजेडाकडं धरून. बरंच शोधलं तरी तिला नाव ठेवायला जागा सापडली नाही. मोडलेल्या नखाची हकीकत सुमनबाईंनी सांगितली, घार गाळून. गच्चीवरच्या शिट्ट्या विरुपाक्षप्पांनी सांगितल्या, काहीही न गाळता.

तात्याराव आत गेले आणि एक कागद घेऊन आले. दोन्ही बाजूंनी लिहिलेला, समास सोडलेला, मुद्द्यांना क्रमांक दिलेले. वर शीर्षक: ‘पक्षी ताबा पावती’. त्यांनी तो लेकीपुढं ठेवला आणि सांगितलं की नेणारच आहेस तर हे बरोबर असू दे.

श्रावस्ती वाचू लागली. सकाळी सातला पडदा काढावा. काढण्याआधी एकदा हाक मारावी, एकदम काढल्यास दचकतो. पेपर द्यावा, परंतु रंगीत पान देऊ नये. दाराची बेल वाजल्यास घाबरतो, तेव्हा जवळ जाऊन उभं राहावं, हात लावू नये. पावसाच्या दिवसांत दुपारी गप्प असतो, आजारी समजू नये. मुद्दा अकरा: कुकरच्या शिट्टीला उत्तर द्यावं, न दिल्यास दिवसभर वाट पाहतो. असे सव्वीस मुद्दे होते. खाली दोन ओळी आखलेल्या, एकीवर ‘ताबा देणार’, दुसरीवर ‘ताबा घेणार’.

वाचून झाल्यावर तिनं कागद टेबलावर ठेवला. छबूराव तिच्या मनगटावरून उतरला, टेबलावरून चालत गेला आणि कागदाचा कोपरा चावायला लागला. तात्याराव खिडकीबाहेर रस्त्याची रुंदी बघत होते.

श्रावस्तीनं पेन उचललं, ‘ताबा देणार’ या शब्दांपुढं आपली सही केली, तारीख घातली आणि कागद बापाकडं सरकवला.

तात्यारावांनी चष्मा लावला. स्वतःच लिहिलेला तो कागद त्यांनी पहिल्या मुद्द्यापासून पुन्हा सगळा वाचून काढला, कारण न वाचता सही करायची त्यांना सवय नव्हती. वाचायला वेळ लागला. अक्षरं मधेच पुसट दिसत होती, आणि एक कोपरा तर आता राहिलाच नव्हता.